अठकोनी : नवशिक्यांसाठी पैलूंचा एक सोपा घाट

1 जून 2025, गिरगाव

भाचीची दहावी संपली, अकरावीचे प्रवेश अजून लांब आहेत आणि तिला खड्याला पैलू पाडायला शिकायचं आहे. यंत्र आहे, लॅप (खडा घासायच्या फिरत्या चकत्या) आहेत, काचेचे आणि स्फटिकाचे तुकडेही पडलेत. तिच्या हाती द्यावा असा घाट तेवढा नाही.

नेहमीचा गोल ब्रिलियंट 57 पैलूंचा, त्यात गर्डलचे, म्हणजे खड्याच्या कमरेच्या कडेचे 16 धरलेले नाहीत. अडचण संख्येची नाही, मुली चिकाटीच्या असतात. तळाचे मुख्य पैलू आणि त्यांना लागून असलेले ब्रेक पैलू यांच्या कोनांत जेमतेम दोन अंशांचा फरक असतो. तो जरा हलला की टोकं गर्डलपाशी जुळत नाहीत. माथ्यावर तर तारे, मुख्य आणि ब्रेक अशा तीन ओळी एकमेकींच्या भरवशावर. पहिल्याच खड्याला हे देणं म्हणजे पोळी लाटायला शिकणाऱ्या पोरीकडून पुरणपोळ्या करून घेणं.

दुसऱ्या टोकाला हिरेवाल्यांचा सिंगल कट. तळाला आठ, माथ्याला आठ, वर टेबल, म्हणजे माथ्यावरचा सपाट पैलू. बारीक हिऱ्यांना तो शोभतो. 8 मिलिमीटरच्या स्फटिकात मात्र तेवढे थोडे पैलू सुस्त दिसतात, चमक मोठ्या ठिपक्यांनी येते आणि जाते.

म्हणून मधला घाट स्वतः आखायचा. खडा मोजून फिरवणारं इंडेक्सचं चाक 96 दातांचं, कारण माझ्याकडे तेच आहे. माल स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ. पैलू तीसच्या आसपास. आणि मुख्य अट ही की पुढची पायरी चढताना मागची बरोबर झाली का, ते खड्यानेच सांगावं. मी शेजारी उभी नसतानाही तिला कळलं पाहिजे.

7 जून

गोल सोडून दिला. गर्डल अष्टकोनी.

यामागे हिशोब आहे. आठ पैलूंचा तळ, आठ बाजूंचा गर्डल आणि माथ्याचे आठ मुख्य पैलू, तिन्ही एकाच इंडेक्सवर येतात: 96, 12, 24, 36, 48, 60, 72, 84. एकच आकडेमाळ पाठ करायची. वर आठ कोपऱ्यांवर आठ पैलू, मधल्या आकड्यांवर: 06, 18, 30, 42, 54, 66, 78, 90. शेवटी टेबल. सगळे मिळून 33.

कागदावरचं गणित असं. मध्यापासून गर्डलच्या सपाट बाजूपर्यंतचं अंतर 1 धरलं तर अष्टकोनाचा कोपरा 1.082 वर येतो. माथ्याचे मुख्य पैलू गर्डलच्या पातळीपासून 40 अंशांचे घेतले. कोपऱ्याचे पैलू 30 अंशांचे, आणि ते इतकेच खाली आणायचे की त्यांचं खालचं टोक गर्डलच्या कोपऱ्याला नेमकं टेकेल. असे दोन शेजारी पैलू मुख्य पैलूच्या मध्यरेषेवर एकमेकांना भेटतात. कुठे, ते काढलं: मध्यापासून 0.70 वर. त्या उंचीला टेबल आणलं की माथ्यावर फक्त त्रिकोण उरतात. आठ त्रिकोण गर्डलवर बसलेले, टोक वर. आठ त्रिकोण टेबलाला टांगलेले, टोक खाली. टेबलाचा अष्टकोन गर्डलच्या अष्टकोनापेक्षा अर्धं घर फिरलेला.

आता गंमत. 30 ऐवजी 28 घेतलं तर? पैलू भेटतात, फक्त भेट 0.76 वर होते आणि टेबल मोठं होतं. 33 घेतलं तरी भेटतात, टेबल लहान होतं. 37.8 अंशांच्या खालचा कुठलाही कोन चालतो. त्याच्या वर गेलं की मात्र कोपऱ्याचा पैलू मुख्य पैलूंच्या कडेपेक्षा उभा पडतो आणि त्रिकोण उघडतच नाही. म्हणजे या घाटात माथ्याचा कोन एखाद्या अंशाने इकडेतिकडे झाला तर टोकं फसत नाहीत, टेबलाचं माप तेवढं बदलतं. ब्रिलियंटमध्ये ही सवलत मिळत नाही.

नाव तूर्त ‘अठकोनी’.

8 जून

रविवार, पाऊस, वीज दुपारपर्यंत नाही. मापं लिहून ठेवते. रुंदी सपाट बाजूपासून सपाट बाजूपर्यंत मोजायची आणि तिला शंभर टक्के मानायचं. तळाची खोली 43 अंशांना 46.6 टक्के. माथ्याची उंची 12.6 टक्के. गर्डल 3 टक्के ठेवलं तर एकूण उंची 62 टक्क्यांच्या जरा वर. 8 मिलिमीटरचा खडा सुमारे 5 मिलिमीटर उंच होईल आणि स्फटिकाच्या 2.65 घनतेने दीड कॅरेटच्या आसपास भरेल. टेबल सपाट बाजूंमध्ये 65 टक्के.

तळाचे 43 अजून पक्के नाहीत. त्याआधी यंत्राची झाडाझडती.

14 जून

यंत्र जुनं, दुसऱ्या हातचं. उभा खांब, त्यावर वरखाली सरकणारा हात, हाताच्या टोकाला डॉप (खडा चिकटवायची दांडी), मागे इंडेक्सचं चाक. खाली 8 इंची लॅप फिरतो. पट्टा घसरत होता. नागदेवी स्ट्रीटला जाऊन नवा आणला, दुकानदाराला जुना पट्टा दाखवल्यावर त्याने न मोजता जोड काढून दिला. येताना लोहार चाळीतून वाकवता येणारा एलईडी दिवा. पैलूची चकाकी तपासायला दिवा बाजूने, खालून, तिरका असा फिरवता यायला हवा. छताच्या ट्यूबलाइटखाली सगळेच पैलू चकचकीत दिसतात.

कोन तपासायला डिजिटल अँगल गेज. आधी ते लॅपवर ठेवून शून्य केलं, मग डॉपच्या जागी सरळ पोलादी सळई लावून तिच्यावर टेकवलं. यंत्र कोन उभ्या रेषेपासून मोजतं, गेज लॅपपासून, म्हणून डायलवर 43 असताना गेजवर 47 यायला हवे. आले 47.4. खरा कोन 42.6. 30 वरही तितकाच फरक, 40 वरही तितकाच. सगळीकडे सारखा फरक असणं चांगलं, डायल सरकवून तो काढता येतो. पण गेजची स्वतःची खात्री 0.2 अंशांची. तेव्हा या यंत्रावर 0.2 अंशांच्या आत काहीही ‘अचूक’ म्हणायचं नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर.

15 जून

आमच्या मजल्यावरचे मोटाभाई डोकावले. त्यांची हयात हिऱ्यांच्या असॉर्टमेंटमध्ये, म्हणजे प्रतवारीत गेली, आधी ऑपेरा हाऊसच्या पंचरत्नमध्ये, 2010 मध्ये भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर बीकेसीत. वहीतले आकडे पाहून म्हणाले, "बेन, हिऱ्याला पावणेएक्केचाळीस बस होतात. तुम्ही या स्फटिकाला त्रेचाळीस का देता? वजन वाचवता?"

"वजनासाठी नाही, मोटाभाई. एक्केचाळीसला हा खडा जरा कलला तरी एका बाजूने पारदर्शक होईल. खालचं वर्तमानपत्र वाचता येईल."

मग चहा झाला आणि कागद आला. तोच इथे उतरवते.

40.75 हा तळाचा कोन मार्सेल तोल्कोव्हस्कीने 1919 मध्ये हिऱ्यासाठी मांडला. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.417, त्यामुळे क्रांतिक कोन फक्त 24.4 अंश. त्याहून मोठ्या कोनाने पैलूवर आपटलेला किरण बाहेर न जाता आत परततो. वरून सरळ खाली येणारा किरण तळाच्या पैलूवर त्या पैलूच्याच कोनाने आपटतो. म्हणजे हिऱ्यात 40.75, गरज 24.4 ची. सोळा अंशांहून जास्त शिल्लक. हिरा बराच कलता केला तरी तळ प्रकाश गळू देत नाही.

क्वार्ट्झचा अपवर्तनांक 1.544 पासून, क्रांतिक कोन 40.4. तळ 43 चा घेतला तर शिल्लक 2.6 अंशांची. 42 चा घेतला तर 1.6. 41 ला अर्ध्याहून थोडी जास्त. खडा कलता केला की ही शिल्लक खर्च होते. 43 ला सुमारे 4 अंश कलल्यावर एका बाजूने ‘खिडकी’, म्हणजे आरपार दिसणारी जागा, उघडायला लागते, 42 ला अडीच अंशांतच.

मोटाभाईंचा पुढचा प्रश्न नेमका होता. मग 45 का नाही? शिल्लक अजून वाढेल. बरोबर. पण तळाच्या दोन पैलूंवरून उडून किरण वर येतो तेव्हा तो उभ्या रेषेपासून किती कलतो, तेही पाहावं लागतं. 45 ला तो शून्य अंशांनी कलतो, आला त्याच वाटेने परत. पाहणाऱ्याला खड्याच्या मध्यात स्वतःच्या डोक्याचा अंधार दिसतो. 43 ला तो खड्याबाहेर पडताना 12 अंशांच्या आसपास कलतो, 42 ला 19 अंशांच्या. त्यामुळे बसक्या कोनात झगमग जास्त आणि गळतीची भीतीही जास्त.

हात बसलेल्या माणसाने 42 घ्यावा, काही जण त्याच्याही खाली जातात. माझी भाची ज्या यंत्रावर बसणार त्याचा डायल कालपर्यंत 0.4 ने खोटं बोलत होता. 42 मधून 0.4 गेले की शिल्लक सव्वा अंशाची. 43 मधून गेले तरी सव्वादोनची. तळ 43 ठरला. मध्यात थोडा काळोख राहील, नवशिक्याच्या खड्यात तो खिडकीपेक्षा मला शंभर वेळा परवडतो.

मोटाभाई जाता जाता म्हणाले, "हिऱ्यात आम्ही वजनाचं रडतो, तुम्ही उजेडाचं." आणि बिस्किटांचा पुडा परत घेऊन गेले, तो त्यांचाच होता.

22 जून

काचेवर पहिली चाचणी. काचवाल्याकडे 12 मिलिमीटर जाडीच्या काचेचे उरलेले तुकडे फुकटात मिळतात. खिडकीच्या काचेचा अपवर्तनांक 1.52, क्रांतिक कोन 41.1. 43 ला दोन अंशही शिल्लक नाहीत, तेव्हा काचेचा खडा कसा दिसतो यावरून घाटाला नावं ठेवायची नाहीत. टोकं जुळतात का, तेवढंच बघायचं होतं. जुळली.

तळ कापताना आधी 96 आणि 48 असे समोरासमोरचे दोन, मग 24 आणि 72, मग मधले चार. त्यामुळे तळाचं टोक मध्यातच राहतं. गर्डल 90 अंशांवर, त्याच आठ आकड्यांवर, आठही बाजू एकाच खोलीपर्यंत. तळ आणि गर्डल यांच्यामधली रेषा आपोआप एका पातळीत येते. आली नाही तर कुठली तरी बाजू जास्त कापली गेली आहे, ती डोळ्याला लगेच दिसते. पहिली तपासणी ही.

काच मऊ, झरझर उतरते. भाची बघत होती, हात शिवशिवत होते तिचे.

29 जून

कापणं कायम पाण्याखाली. हे तिला हातात काही देण्याआधी बजावलं. क्वार्ट्झची कोरडी धूळ म्हणजे सिलिका. खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या पिढ्यांनी सिलिकोसिसपायी फुप्फुसं गमावली आहेत. ठिबकाची बरणी भरलेली नसेल तर मोटर चालू करायची नाही. काम संपलं की लॅपखालचा गाळ ओलाच पुसून काढायचा, तो वाळू द्यायचा नाही, झाडायचा तर अजिबात नाही.

आमच्याकडे पाणी सकाळी येतं. त्यामुळे ठिबकासाठी एक बादली राखीव, ही माझ्या घरातली नवी राजकीय समस्या.

6 जुलै

स्वच्छ पांढरा स्फटिक घेतला, मापाला साडेनऊ मिलिमीटर रुंद आणि सात उंच. डॉपवर लाखेच्या मेणाने चिकटवला. स्पिरिटच्या दिव्यावर खडा आणि डॉप दोन्ही हळूहळू गरम करायचे. गार खड्यावर गरम मेण धरत नाही आणि खडा एकदम तापवला तर तडकू शकतो.

तळ: 600 च्या लॅपवर (आकडा जितका मोठा तितका लॅप बारीक) 43 अंश, आठ पैलू मध्यावर एकत्र येईपर्यंत. गर्डल 90 वर, रुंदी व्हर्नियरने 8.1 वर थांबवली. मग 1200, मग 3000. प्रत्येक लॅपवर मागच्या लॅपचे ओरखडे गेले की थांबायचं, त्यापुढे नुसतं माप घटतं. लॅप बदलताना खडा, डॉप, हात, तबक सगळं धुवायचं. 600 चा एक कण 3000 च्या लॅपवर गेला तर पुढे पॉलिशमध्ये तो प्रत्येक पैलूवर सही करून जातो.

12 जुलै

पॉलिशचा लॅप घरचा. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून 10 मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची गोल चकती कापून घेतली, मध्ये भोक, पृष्ठभाग बारीक पॉलिश कागदाने मारलेला, वर सुरीने हलक्या त्रिज्या ओढलेल्या. त्यावर सेरियम ऑक्साइड, आरसेवाले काचेचे ओरखडे काढायला वापरतात तेच. पाण्यात साईसारखं कालवून लावायचं. लॅप सावकाश फिरवायचा.

क्वार्ट्झला सेरियम मानवतं. इतर पॉलिशवर त्यात रेघा उठतात आणि त्यांच्या मागे दिवस जातो. सेरियममध्ये लॅप ओलसर आहे, पण पाणी तरंगत नाही, अशा अवस्थेत काम पटकन होतं. फार ओला असेल तर नुसता घसरतो, वाळला तर खड्याला पकडतो आणि मेण सुटायची भीती. ही ओलसरपणाची पट्टी मुंबईच्या जुलैत रुंद होते, हवाच इतकी दमट की लॅप वाळायला वेळ घेतो. पावसाळ्याचं एवढं एक चांगलं.

तळाचे आठ आणि गर्डलचे आठ झाले. 43 वर तळ, टोक सुईसारखं.

13 जुलै

आता उलटवणं. तळाला शंकूच्या आकाराचा दुसरा डॉप, ट्रान्सफरच्या चिमट्यात दोन्ही समोरासमोर बसवून. यावेळी सुपरग्लूची जेल, मेण नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या डॉपचा धातू दिव्यावर धरला, मेण वितळलं, खडा नव्या डॉपवर राहिला.

इथे अठकोनीचा खरा फायदा आहे. खडा उलटवल्यावर इंडेक्स पुन्हा जुळवावा लागतो, म्हणजे तळाचा 96 आणि माथ्याचा 96 एका रेषेत आणायचे. गोल खड्यात गर्डलचे पैलू आखूड, त्यांच्यावर भरवसा ठेवून जुळवणं डोळ्यांची परीक्षा. 8 मिलिमीटरच्या अष्टकोनात गर्डलची प्रत्येक बाजू 3.3 मिलिमीटर लांब. चाक 96 वर, हात 90 अंशांवर, डॉप ढिला. थांबलेल्या स्वच्छ लॅपवर गर्डलची एक सपाट बाजू टेकवायची, मागे दिवा धरायचा आणि फटीतून उजेड येत नाही तोवर डॉप फिरवायचा. मग घट्ट. ‘चीटर’ची कळ, जी इंडेक्स दातादातांमध्ये अगदी सूक्ष्म हलवते, तिला हातही लावावा लागला नाही.

19 जुलै

माथा. मुख्य पैलू 40 अंश, त्याच आठ आकड्यांवर. ते खाली आणताना गर्डलची जाडी कमी होत जाते, पाव मिलिमीटर उरली की थांबायचं. सगळीकडे सारखी उरली तर जुळवणी बरोबर आहे. ही दुसरी तपासणी.

मग 30 अंश, मधले आठ आकडे. प्रत्येक पैलू वरून छोट्या पाचरीसारखा सुरू होतो आणि खाली सरकत गर्डलच्या कोपऱ्याकडे येतो. टोक कोपऱ्याला टेकलं की थांब. पुढे गेलं तर गर्डलचा कोपरा बोथट होतो आणि तिथे एक चिमुकली बाजू दिसते. ही तिसरी. 600 वर टोक कोपऱ्यापासून केसभर लांब ठेवलं, 1200 ने जवळ, 3000 ने टेकवलं.

टेबलासाठी 45 अंशांचा डॉप, हात 45 वर, म्हणजे खडा सपाट. टेबल खाली येत राहतं आणि कोपऱ्याच्या पैलूंचे वरचे भाग कापले जातात. मुख्य पैलूंचं टोक शिल्लक राहील आणि टेबल त्याला नेमकं शिवेल तिथे थांबायचं. आठही टोकं एकदम शिवली तर खडा सरळ आहे. दोन शिवली आणि सहा नाहीत, तर टेबल तिरकं. ही चौथी.

टेबल हा सगळ्यात मोठा पैलू, पॉलिशला सगळ्यात हट्टी. बाकीचे सोळा जेवढ्यात झाले तेवढा वेळ त्याने एकट्याने खाल्ला.

20 जुलै

रात्रभर अ‍ॅसिटोनमध्ये ठेवून खडा सुटला. 8.0 रुंद, 4.95 उंच, दीड कॅरेटला किंचित जास्त. समोरून बघता मध्यात माझ्या डोक्याची सावली, तिच्याभोवती त्रिकोणांचं उघडझाप. किंचित कलला की सावली सरकते आणि मध्य पेटतो. चार-पाच अंशांवर कडेला खिडकीची चाहूल लागते, कागदाने सांगितलं होतं तशी. मला पसंत.

मोटाभाईंनी लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून पाहिला. गर्डल जाड म्हणाले. हिऱ्याच्या मानाने आहेच. क्वार्ट्झची कड पातळ ठेवली तर कोंदणात बसवताना सोनाराच्या हाताखाली उडते, कोपरे तर आधी.

3 ऑगस्ट

भाचीचा खडा: कटेला, म्हणजे अमेथिस्ट. आफ्रिकेकडचा कच्चा माल, जयपूरहून मागवलेला. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टातही पोकळ्यांमध्ये जांभळे स्फटिक मिळतात, त्यांत पैलूंजोगा दाट आणि स्वच्छ तुकडा सापडणं नशिबाचं.

कच्चा खडा ग्लिसरीनच्या वाटीत बुडवून पाहायला लावला. ग्लिसरीनचा अपवर्तनांक 1.47, क्वार्ट्झच्या जवळपास, त्यामुळे खरखरीत पृष्ठभाग जवळजवळ नाहीसा होतो आणि आतलं दिसतं. लवंगेचं तेल 1.53, त्याहून सरस, पण वाटीभर लवंग तेलाचे पैसे कोण देणार. आत एका कोपऱ्यात धुक्याचा पडदा आणि रंग सगळीकडे सारखा नाही, एका टोकाला जमलेला. अमेथिस्टमध्ये असंच असतं, रंग स्फटिकाच्या वाढीच्या थरांनी बसतो.

"मावशी, रंगाचं टोक वर ठेवूया ना, दिसायला."

उलट. रंग तळाच्या टोकाशी ठेवायचा. वरून आलेला बराचसा प्रकाश तळाजवळून फिरून परत येतो, त्यामुळे टोकाचा रंग सगळ्या खड्यात पसरतो. रंग वर ठेवला तर एका बाजूला जांभळा डाग आणि बाकी पाणी. पडदा गर्डलच्या बाहेर जाऊन कापला जाईल असा खडा बसवला.

10 ऑगस्ट

ती कापते आहे, मी स्वयंपाकघरात. ठरवून. "मावशी, गर्डलची रेषा एका बाजूला वर गेली," एवढी एक हाक आली. पुढच्या वाक्यात तिनेच सांगितलं की 60 ची बाजू कमी कापली गेली आहे. तिने ती कापली, रेषा खाली आली. बस, याचसाठी हा घाट.

24 ऑगस्ट

गणपती बुधवारी, 27 ला. चाळीत ढोलांची तालीम, मखराची सुतारकी, आणि मोटरचा आवाज कुणाच्याही कानावर जात नाही, ही सोय. भाचीने माथा पूर्ण केला. तिचा कोपऱ्याचा कोन डायलवर 29.5 च्या आसपास राहिला होता, त्यामुळे टेबल माझ्यापेक्षा किंचित मोठं. टोकं सगळी जुळलेली. तिला फरक सांगितला नाही, तिने स्वतःच दोन्ही खडे शेजारी ठेवून विचारलं. तेव्हा 7 जूनचं पान दाखवलं.

7 सप्टेंबर

काल विसर्जन. आज तिचा प्रश्न: "हाच घाट गार्नेटला चालेल?"

इंडेक्स तेच, कोन वेगळे. तांबड्या गार्नेटचा अपवर्तनांक साधारण 1.74 च्या पुढे, क्रांतिक कोन 35 च्या आसपास. तळ 41 ला आणला तरी शिल्लक भरपूर. गार्नेटचा रंग गडद, उंच माथ्याने तो आणखी काळा पडतो, म्हणून माथा बसका हवा. मुख्य पैलू 40 चे 35 केले तर कोपऱ्याचे किती? पाच अंश सरळ वजा करून 25 घेतले तर टोकं जुळतील, पण टेबल वाढेल. टेबल तसंच ठेवायचं तर टॅन्जंटचं गुणोत्तर लावायचं. टॅन 35 भागिले टॅन 40, म्हणजे 0.8345. त्याने टॅन 30 ला गुणलं की 0.482, आणि तो 25.7 अंशांचा टॅन्जंट. माथा 35 आणि 25.7. वरून पाहिलं तर नकाशा जसाच्या तसा, नुसती उंची दबलेली. हे गुणोत्तर कुठल्याही घाटाच्या माथ्याला लागू पडतं, एका मालाचा घाट दुसऱ्या मालावर नेताना तेच वापरतात.

14 सप्टेंबर

षट्कोनी भाऊही आखला, लहान खड्यांसाठी. तळ, गर्डल आणि मुख्य पैलू 96, 16, 32, 48, 64, 80. कोपरे 08, 24, 40, 56, 72, 88. एकूण 25 पैलू. इथे कोपरा लांब जातो, 1.155 वर, म्हणून 30 अंश चालत नाहीत. टोकं जुळतात, पण टेबल आक्रसून निम्म्यावर येतं. कोपऱ्याचे 25 घेतले की भेट 0.69 वर, टेबल नीट. मुख्य 40 तेच, तळ 43 तोच, माथ्याची उंची रुंदीच्या 13 टक्के.

5 मिलिमीटरच्या पांढऱ्या स्फटिकावर भाची पुढच्या रविवारी सुरू करते आहे. काचेचा तुकडा नको म्हणाली, थेट स्फटिक.